ब्रिटानियाचा गुडघा

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मिडल्टन नावाचा भाग आहे. तिथल्या सेंट क्रॉस चर्चमध्ये १९७० साली चोरी झाली. चोरांनी हात घातला तो थेट कोनशिलेला. तिच्याखाली पायाभरणीच्या वर्षाची नाणी पुरून ठेवलेली होती आणि त्यांत एक तपकिरी पेनी होती. एरवी रस्त्यात पडलेली दिसली तर कुणी वाकून उचललीही नसती, अशी. ती पेनी आजतागायत सापडलेली नाही.

तिच्यावरचं साल होतं १९३३. त्या वर्षी ब्रिटनच्या बँकांकडे पेन्यांचा इतका साठा होता की नव्या पाडायची गरजच नव्हती. मात्र मोठ्या इमारतींच्या पायात चालू वर्षाच्या नाण्यांचा संच ठेवायची प्रथा होती, म्हणून रॉयल मिंट या सरकारी टांकसाळीने मोजक्या पेन्या पाडल्या. किती, याची नोंद टांकसाळीने ठेवली नाही. सातेक असाव्यात असं जाणकार मानतात. एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एक टांकसाळीच्या स्वतःच्या संग्रहात. मिडल्टनच्या चोरीनंतर रिपनच्या बिशपने शहाणपणा केला. लीड्समधल्याच कर्कस्टॉल भागातल्या सेंट मेरीज चर्चच्या पायातली पेनी त्याने रीतसर उकरून काढायला लावली आणि विकायला सांगितली. चोरांनी नेण्यापेक्षा ते बरं.

पेनीसाठी चर्चचा पाया पोखरण्यापर्यंत गोष्ट जाते, ती काही एका रात्रीत जात नाही. त्याआधी काही वर्षं सगळा देश आपापल्या खिशातली चिल्लर चाळत बसलेला होता.

पौंड, शिलिंग, पेनी

जुना ब्रिटिश हिशेब असा: बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाच्या २४० पेन्या. आण्याच्या बारा पै मोजत मोठ्या झालेल्या मराठी आजी-आजोबांना हा हिशेब चुटकीसरशी कळला असता. पेनीचा चौथा भाग फार्दिंग, अर्धा भाग हाफपेनी. वर तीन पेन्स, सहा पेन्स, शिलिंग, दोन शिलिंगांचा फ्लोरिन, अडीच शिलिंगांचा हाफक्राउन आणि पाच शिलिंगांचा क्राउन. बोलीभाषेत सहा पेन्सना ‘टॅनर’ आणि शिलिंगला ‘बॉब’. भारताने आणे-पै १९५७ साली सोडले. ब्रिटनने दशमान पद्धतीला जायचं ठरवलं ते १९६६ साली, आणि १५ फेब्रुवारी १९७१ रोजी पौंडाचे शंभर पेन्स झाले.

मधल्या काळात देशाला एक वेड लागलं. जुनी नाणी जाणार हे कळल्यावर लोक दुकानातून मिळालेली मोड रात्री टेबलावर ओतून साल वाचू लागले. पुठ्ठ्याचे फोल्डर बाजारात आले. त्यांत प्रत्येक सालासाठी एक गोल भोक असे आणि त्यात ते नाणं दाबून बसवायचं. १९३३ च्या भोकात काहीच बसत नसे. तरी मुलं शोधायची.

या शोधात खरी मजा वेगळीच होती. १८६० साली ब्रिटनने पेनीचं तांबं बदलून कांसं वापरायला सुरुवात केली: ९५ भाग तांबं, ४ भाग कथील, १ भाग जस्त. वजन ९.४ ग्रॅम, व्यास ३०.८ मिलिमीटर. आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठी आणि जड. पेनीचा हा आकार आणि वजन मग बदललंच नाही. त्यामुळे १९६५ साली लंडनच्या एखाद्या पोराला पावाच्या दुकानातून परत मिळालेल्या मोडीत तरुण व्हिक्टोरिया राणी निघू शकत होती. १८६० ची पेनी १९७१ पर्यंत, म्हणजे १११ वर्षं चलनात चालली. इतकी वर्षं हजारो खिशांतून फिरलेल्या नाण्याच्या अंगावर काय उरतं आणि काय झिजतं, हे वाचायची विद्या म्हणजे ग्रेडिंग, मराठीत सांगायचं तर नाण्याची प्रत ठरवणं.

अंबाड्याची पेनी

समजा, संग्राहकाच्या हातात १८६२ सालची पेनी आहे. हातात म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, कडेला धरलेली. नाण्याच्या दोन्ही बाजूंना बोट लावायचं नाही, हा या छंदातला पहिला दंडक. बोटाच्या घामाचा ठसा कांशावर कायमचा उमटतो.

छाप्याच्या बाजूला राणीचा डावीकडे पाहणारा चेहरा आहे. डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ आणि मागे केसांचा अंबाडा. या अंबाड्यावरूनच १८६० ते १८९४ या काळातल्या पेन्यांना ‘बन पेनी’ हे नाव पडलं. शिल्पकार होता लिओनार्ड चार्ल्स वायन. उलट बाजूला ब्रिटानिया बसलेली आहे. ब्रिटन देशाचं ते स्त्रीरूप, आपल्या भारतमातेसारखं, पण शिरस्त्राण घातलेलं आणि हातात त्रिशूळ घेतलेलं. तिच्या एका बाजूला दीपगृह, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. १८९५ साली दीपगृह आणि जहाज दोन्ही गेले. दीपगृह १९३७ साली परतलं, जहाज मात्र आलं नाही.

नाणं टेबलावर, गल्ल्यात, खिशात घासलं जातं तेव्हा आधी झिजतात ते उंचवटे. राणीच्या बाजूला कानावरचे केस आणि भुवई. उलट बाजूला ब्रिटानियाचं शिरस्त्राण, छाती आणि गुडघा. जाणकार माणूस नाणं हातात घेतो तेव्हा साल नंतर वाचतो; त्याची नजर आधी गुडघ्यावर जाते. गुडघ्यावरच्या वस्त्राच्या चुण्या दिसतात का? की तिथे नुसती गुळगुळीत टेकडी उरली आहे?

ब्रिटिश पद्धतीत प्रतींची नावं नवख्याची फसगत करणारी आहेत. ‘गुड’ म्हणजे चांगलं नव्हे, जवळजवळ वाया गेलेलं. राणीची नुसती बाह्यरेषा आणि कसंबसं वाचता येणारं साल. ‘फाइन’ म्हणजे बरंच झिजलेलं, केसांच्या बटा एकमेकींत मिसळून गेलेल्या, पण अक्षरं स्वच्छ. ‘व्हेरी फाइन’मध्ये बटा वेगळ्या मोजता येतात, झीज फक्त उंचवट्यांवर. ‘एक्स्ट्रीमली फाइन’ नाण्याची झीज शोधायला दिव्याखाली नाणं तिरकं करावं लागतं. ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे चलनात न फिरलेलं. सगळ्यांत वर फ्लर द क्वाँ हे फ्रेंच नाव, टांकसाळीतून आल्यासारखं निष्कलंक. त्यातही ‘व्हेरी फाइन’च्या आधी ‘गुड’ लागलं, तर ते ‘व्हेरी फाइन’हून थोडं वरचं. दोन पायऱ्यांमधली रेघ बारीक असते, पण त्या रेघेवर नाण्याचा भाव कित्येक पटींनी बदलतो. त्यामुळे विकणाऱ्याच्या डोळ्याला गुडघ्यावरच्या चुण्या दिसतात आणि घेणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाहीत, हे जगभर चालतं.

अमेरिकेत हा वाद आकड्यांत बसवायचा प्रयत्न झाला. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. मूळ कल्पना अशी की ७० गुणांच्या नाण्याची किंमत १ गुणाच्या नाण्याच्या सत्तर पट असावी. किमतींचं ते गणित लवकरच कोलमडलं, मोजपट्टी मात्र टिकली. १९८६-८७ च्या सुमारास नाण्याची प्रत ठरवून ते प्लास्टिकच्या बंद पेटीत घालून देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्या पेटीला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. ब्रिटनमधल्या जुन्या मंडळींना मात्र अजूनही महॉगनीचं लाकडी कपाट, त्यातले गोल खळ्यांचे खण आणि प्रत्येक नाण्याखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी हेच प्रिय असतं. प्लास्टिकमधलं नाणं म्हणजे काचेतली मिठाई, असा त्यांचा सूर.

झीज की जन्मखूण?

ग्रेडिंगमधला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. सपाट दिसणारा प्रत्येक भाग झिजलेलाच असतो असं नाही. काही नाणी टांकसाळीतूनच तशी येतात.

पाचव्या जॉर्जच्या पेन्यांकडे पाहिलं की हे कळतं. बर्ट्रम मॅकेनल याने घडवलेला राजाचा चेहरा इतका उठावदार होता की नाणं दाबताना बराचसा धातू त्या बाजूला ओढला जाई आणि उलट बाजूला ब्रिटानिया पूर्ण भरायला धातू पुरत नसे. तिचा चेहरा, छाती सपाट राही. इतकंच नव्हे, तिच्या भोवतीच्या मोकळ्या जागेत राजाच्या डोक्याची अंधूक सावली उमटे. संग्राहक तिला ‘भूत’ म्हणतात. टांकसाळीने १९२६ साली काही पेन्यांवर चेहरा सुधारून पाहिला आणि १९२८ साली डोकंच लहान केलं, तेव्हा भूत उतरलं. १९२६ च्या सुधारित चेहऱ्याच्या पेन्या आज दुर्मीळ आहेत.

मग १९२० च्या पेनीवरची सपाट ब्रिटानिया झिजलेली की अर्धवट उमटलेली, हे कसं ओळखायचं? चमकीवरून. नाणं दाबलं जातं तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर सूक्ष्म रेषा सोडतो. दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवलं, तर या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. खिशातल्या घर्षणाने आधी ही चमक जाते, आकार नंतर. सपाट जागेवरूनही आरे फिरत असतील, तर दोष टांकसाळीचा. सपाट जागा मंद आणि आजूबाजूला चमक असेल, तर ती झीज.

कधी टांकसाळ मुद्दामच चमक घालवते. १८९७ पासून कित्येक वर्षं फार्दिंग काळे करून चलनात सोडले जात, कारण कोरा कांशाचा फार्दिंग अर्ध्या सॉव्हरिनसारखा, म्हणजे दहा शिलिंगांच्या सोन्याच्या नाण्यासारखा दिसे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ ते १९४६ या काळातल्या पेन्याही अशाच मंद करून काढल्या. चकचकीत नव्या पेन्या लोक खर्च न करता साठवून ठेवतील अशी भीती होती. त्यासाठी वापरलेलं रसायन होतं हायपो, म्हणजे जुन्या काळी फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये फोटो पक्का करायला वापरत तेच. अशा काळपट पेनीला ‘मळकी’ म्हणून घासून पुसून लख्ख करणारा माणूस तिचं एकमेव वैशिष्ट्यच पुसून टाकतो.

घासण्याबद्दल एकदाच सांगितलेलं बरं. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंच-मिठाने उजळतात, तशी नाणी कधीही उजळू नयेत. आम्ल काळ्या थराबरोबर धातूचा वरचा पापुद्राही नेतं, वाहत्या धातूच्या त्या सूक्ष्म रेषा जातात आणि नाणं गुलाबीसर, निर्जीव दिसतं. शंभर वर्षांत नाण्यावर चढलेला तपकिरी रंग हा त्याचा चिलखतासारखा थर असतो. तेलकटपणा किंवा प्लास्टिकच्या पाकिटाने सोडलेला हिरवट चिकटा काढायचा, तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवून, न चोळता सुकवायचं. त्याने धातूला इजा होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. साध्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी वर्षानुवर्षं ठेवू नयेत, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

एका अक्षराचा फरक

साल जमवून झालं की संग्राहक अक्षरांकडे वळतो. टांकसाळीला काम झेपेना तेव्हा पेन्या बर्मिंगहॅमच्या खाजगी कारखान्यांत पाडून घेतल्या जात. हीटन कंपनीच्या पेन्यांवर बारीक ‘एच’ असे: व्हिक्टोरियाच्या काळात सालाच्या खाली, १९१२, १९१८ आणि १९१९ साली सालाच्या डावीकडे. किंग्ज नॉर्टनच्या कारखान्याने १९१८ आणि १९१९ मध्ये आपली ‘केएन’ ही दोन अक्षरं लावली. झिजलेल्या नाण्यावर ही अक्षरं असून नसल्यासारखी असतात, पण किमतीत मोठा फरक करतात. १९०२ च्या काही पेन्यांवर ब्रिटानियामागच्या समुद्राची रेघ नेहमीपेक्षा खाली आहे. त्या ‘ओहोटीच्या’ पेन्या. मायकेल फ्रीमन यांनी १९७० साली या कांशाच्या नाण्यांच्या ठशांची सूचीच प्रसिद्ध केली. छाप्याच्या ठशाला आकडा, उलट बाजूच्या ठशाला अक्षर, आणि दोघांच्या जोडीला एक क्रमांक. काही संग्राहक सालांच्या मागे लागत नाहीत, या जोड्यांच्या मागे लागतात.

चांदीच्या नाण्यांत अक्षराऐवजी साल बोलतं. १९१९ पर्यंतचे शिलिंग आणि हाफक्राउन ९२.५ टक्के चांदीचे, १९२० पासून निम्म्या चांदीचे आणि १९४७ पासून चांदीच नसलेले, तांबं-निकेलचे. युद्धात अमेरिकेकडून घेतलेली चांदी परत करायची होती, म्हणून शेवटचा बदल झाला. १९४६ आणि १९४७ चे दोन हाफक्राउन शेजारी ठेवले तर रूप सारखं. फरशीवर टाकले तर आवाज वेगळा. खणखणीत नाणं कशाला म्हणतात, ते तेव्हा कानाला कळतं.

राजघराण्यानेही संग्राहकांची सोय केली आहे. दुसऱ्या चार्ल्सपासून प्रत्येक नवा राजा आधीच्या राजाच्या उलट दिशेला तोंड करतो. पाचवा जॉर्ज डावीकडे पाहत होता, म्हणून १९३६ साली आलेल्या आठव्या एडवर्डने उजवीकडे पाहायला हवं होतं. त्याला स्वतःची डावी बाजू आवडत असे; त्याने डावीकडेच पाहायचा हट्ट धरला. नमुने तयार झाले, पण नाणी चलनात यायच्या आधीच त्याने गादी सोडली. पुढच्या सहाव्या जॉर्जला टांकसाळीने डावीकडेच वळवलं, जणू मधल्या राजाने उजवीकडे पाहिलंच होतं. एडवर्डच्या त्या नमुन्यांपैकी एक सॉव्हरिन २०२० साली रॉयल मिंटमार्फत दहा लाख पौंडांना विकली गेली.

खोटेपणाच्या कथाही कमी नाहीत. १८८७ साली व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त काढलेल्या सहा पेन्सच्या नाण्याचा आकार आणि रूप अर्ध्या सॉव्हरिनशी इतकं जुळलं की बदमाशांनी त्याला सोन्याचा मुलामा देऊन दहा शिलिंगांना खपवलं. ते डिझाइन त्याच वर्षी मागे घ्यावं लागलं. त्याच वेळी आलेला चार शिलिंगांचा डबल फ्लोरिन पाच शिलिंगांच्या क्राउनसारखा दिसे. दारूच्या गुत्त्यात गडबडीत एका शिलिंगचं नुकसान ठरलेलं, म्हणून त्याचं नाव पडलं ‘बारमेडचा घात’. आजचे लबाड वेगळे आहेत. ते दुसऱ्या सालाच्या पेनीचा शेवटचा आकडा कोरून १९३३ करतात. त्यांना पकडायला भिंग पुरत नाही, चांगला फोटो लागतो.

दहा आणि दोनच्या काट्यावर

नाण्याचा फोटो म्हणजे खरं तर प्रकाशाचा फोटो. दिवा चुकला की ‘एक्स्ट्रीमली फाइन’ पेनी ‘फाइन’ दिसते, आणि विकणारा हुशार असेल तर उलटही.

पहिली गोष्ट कॅमेरा स्थिर आणि नाण्याला समांतर ठेवणं. त्यासाठी उभा स्टँड लागतो, ज्यावर कॅमेरा खाली तोंड करून बसतो. समांतर आहे का हे तपासायची युक्ती सोपी: नाण्याच्या जागी लहान आरसा ठेवायचा. चौकटीच्या मधोमध लेन्सचंच प्रतिबिंब आलं की बसवणं बरोबर. नाही तर पेनीची एक कड स्पष्ट आणि दुसरी धूसर येते. मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. छिद्र एफ ८ च्या आसपास, आयएसओ कमीत कमी आणि बटण दाबल्यावर हादरा बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. मोबाइलवर काढायचं असेल तर फोन नाण्याला चिकटवायचा नाही. तो जवळ नेला की त्याचीच सावली पडते आणि गोल नाणं फुगीर दिसतं. वीस-पंचवीस सेंटिमीटर वरून दोन-तीन पट झूम करून काढलेला फोटो जास्त खरा येतो. नाणं बाटलीच्या बुचावर उंच ठेवलं तर पाठीमागचा कागद धूसर होतो आणि कडेची काळी सावलीही जाते.

दुसरी गोष्ट दिवे. घड्याळ समोर धरलं आहे असं समजून, एक दिवा दहाच्या जागी आणि एक दोनच्या जागी ठेवायचा. दोन्ही बऱ्यापैकी उंचावर, नाण्याकडे झुकलेले. समोर ट्रेसिंग पेपर लावला तर प्रकाश मऊ होतो, पण फार मऊ झाला तर चमक मरते आणि नाणं चिखलातून काढल्यासारखं दिसतं. दिवा खाली आणला की प्रत्येक ओरखडा लांब सावली टाकतो. विकायच्या फोटोत कुणी असा दिवा लावत नाही, तपासायच्या फोटोत मात्र लावावा. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचं गुपित याच खालच्या दिव्यात फुटतं: एकाच दिशेने गेलेल्या शेकडो केसाएवढ्या रेघा.

दिवे खालच्या बाजूला, सहाच्या काट्यावर ठेवले तर एक गंमत होते. उंचवट्याची राणी खोलगट दिसू लागते, साच्यासारखी. आपला मेंदू प्रकाश वरून येतो असं धरून चालतो आणि सावल्या उलट पडल्या की उंच-खोल उलट वाचतो. फोटो १८० अंशांत फिरवला की राणी पुन्हा वर येते, फक्त डोक्यावर उभी.

रंगाचा घोळ वेगळाच. पिवळ्या बल्बखाली चांदीचा शिलिंग पितळेचा वाटतो आणि तपकिरी पेनी तांबूस, कोरी. म्हणून आधी करड्या रंगाच्या कार्डाचा फोटो काढून त्यावरून कॅमेऱ्याचा पांढरा रंग ठरवून घेतात. कांशाच्या नाण्यात टांकसाळीचा लालसर रंग किती शिल्लक आहे यावर भाव ठरतो, तेव्हा रंगाची ही दुरुस्ती म्हणजे सजावट नव्हे, प्रामाणिकपणा.

खास संग्राहकांसाठी पाडलेली प्रूफ नाणी सर्वांत हट्टी. त्यांची पार्श्वभूमी आरशासारखी असते, त्यामुळे फोटोत छत, कॅमेरा आणि फोटो काढणाऱ्याचं नाक दिसतं. इथे काचेचा तुकडा कामी येतो. नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये काच ४५ अंशांत धरायची आणि दिवा बाजूने तिच्यावर पाडायचा. काच प्रकाश सरळ खाली नाण्यावर परतवते आणि कॅमेरा काचेतूनच आरपार पाहतो. आरसा उजळ, राणी गडद, बारीकसारीक रेघ स्पष्ट. एक चपटी काच आणि टेबल लॅम्प, एवढ्यावर हे होतं.

संग्रहातल्या प्रत्येक नाण्याचा असा फोटो असणं शोभेपुरतं नसतं. प्रत्येक नाण्यावरचे ओरखडे, ठिपके, कडेचे ठोके वेगळे असतात, बोटांच्या ठशांसारखे. दोन फोटो एकावर एक ठेवले की आकड्यांची जागा सरकलेली, कोरून बदललेलं साल, किंवा चोरीला गेलेलं नाणं पुन्हा बाजारात आल्याचं दिसतं.

मुंबईचा ‘आय’

या छंदात मराठी वाचकाच्या दारापर्यंत येणारी दोन नाणी आहेत.

ब्रिटनमध्ये वाफेच्या यंत्रांवर नाणी पाडणारा उद्योजक म्हणून मॅथ्यू बोल्टनचं नाव घेतात. १७९७ साली त्याच्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत बरोबर एक औंस वजनाची तांब्याची पेनी आणि दोन औंसांचं दोन पेन्सचं नाणं पाडलं गेलं. जाड, रुंद कडांमुळे त्यांना लोक गाडीचं चाक म्हणत. त्यांनी खिशाची अस्तरं फाडली असतील, पण त्यांची नक्कल करणं अवघड होतं. मात्र ब्रिटिश सरकारने बोल्टनला हे काम देण्याच्या आधीच ईस्ट इंडिया कंपनी त्याची गिऱ्हाईक होती. मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ सालची तांब्याची नाणी सोहोतच पाडली गेली. एका बाजूला कंपनीचं व्यापारी चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. लंडनच्या भाजीवाल्याच्या आधी मुंबईच्या भाजीवाल्याने बोल्टनचं तांबं गल्ल्यात टाकलं होतं.

दुसरं नाणं सोन्याचं. आपल्याकडे जिला गिन्नी म्हणतात, ती बहुतेक वेळा ब्रिटिश सॉव्हरिन असते: ७.९८ ग्रॅम, २२ कॅरट, पाठीमागे बेनेडेट्टो पिस्त्रुची या इटालियन कारागिराने १८१७ साली कोरलेला, घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज. सॉव्हरिन सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा, प्रिटोरिया अशा ठिकाणीही पाडल्या जात आणि प्रत्येक शाखेची अक्षरखूण नाण्यावर असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रॉयल मिंटने मुंबईतही शाखा उघडली. ती काही महिनेच चालली. तिने पाडलेल्या सॉव्हरिनवर साल एकच, १९१८, आणि खूण ‘आय’, म्हणजे इंडिया. जवळपास तेरा लाख नाणी निघाली. त्याच साली मुंबईच्या टांकसाळीने पंधरा रुपयांचं सोन्याचं नाणंही काढलं, त्याच वजनाचं आणि त्याच कसाचं.

घरच्या डब्यात गिन्नी असेल, तर ती घासू नये. भिंग घ्यावं आणि ड्रॅगनच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या अगदी वर, मधोमध पाहावं. ‘आय’चा तो उभा दंड इतका बारीक आहे की सोनाराच्या तराजूला त्याने काहीच फरक पडत नाही, संग्राहकाला पडतो.

चिल्लर अजून चाळतात

ब्रिटनमधलं जुनं वेड संपलेलं नाही. आता लोक सात कडांचे पन्नास पेन्स तपासतात. हे नाणं १९६९ साली आलं. त्याच्या कडा किंचित फुगीर आहेत, त्यामुळे ते कसंही ठेवलं तरी रुंदी सारखीच भरते आणि नाणी घेणारी यंत्रं त्याला नाकारत नाहीत. २००९ साली क्यू गार्डन्स या लंडनच्या वनस्पतिउद्यानाच्या अडीचशे वर्षांनिमित्त निघालेलं पन्नास पेन्सचं नाणं फक्त २ लाख १० हजार पाडलं गेलं, आणि ते कैक वर्षं सर्वांत हवंहवंसं ठरलं. २०२३ च्या सामन माशाच्या पन्नास पेन्सने त्याला मागे टाकलं. ती दोन लाखच आहेत. २००८ साली टांकसाळीने वीस पेन्सवर नवी पाठ आणि जुना चेहरा जोडून ठेवला. जुन्या नाण्यात साल पाठीवर होतं, नव्यात चेहऱ्याच्या बाजूला. चुकीच्या जोडीत ते कुठेच आलं नाही. बिनसालाचं नाणं! १९८३ च्या काही दोन पेन्सवर आदल्या वर्षी बंद केलेले ‘न्यू पेन्स’ हे शब्द चुकून राहून गेले. चुंबकही कामाला येतो: १९९२ पासूनचे बहुतेक एक आणि दोन पेन्स तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे आहेत. ते चिकटतात, त्याआधीचे चिकटत नाहीत.

आणि १९३३ ची पेनी? त्या वर्षी जूनमध्ये पाचव्या जॉर्जने लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसची कोनशिला बसवली, आणि तिच्याखालीही त्या सालाच्या नाण्यांचा संच ठेवला गेला. तो अजून तिथेच आहे असं मानलं जातं. वर एकोणीस मजली पांढरी इमारत उभी आहे, तिच्यात ग्रंथालय आहे, विद्यार्थी ये-जा करतात. खाली एक पेनी आहे. कुणाच्या खिशात ती कधी घासली गेली नाही, कुणी चिंच-मिठाने उजळली नाही, कुणी दहा आणि दोनच्या काट्यावर दिवे लावून तिच्या ब्रिटानियाचा गुडघा पाहिलेला नाही.